कॉफीशिवाय डोकंच चालत नाही, मी अ‍ॅडिक्ट झालेय का?

पत्राचा सारांश

पत्र लिहिणारी मुलगी २७ वर्षांची आहे. दिवसा नोकरी, रात्री एका प्रोफेशनल परीक्षेचा अभ्यास, पेपर अडीच महिन्यांवर. सकाळी साडेसहाला उठल्याउठल्या एक मोठा मग काळी कॉफी, साडेदहाला ऑफिसमध्ये दुसरा, दुपारी तीनला तिसरा, संध्याकाळी सातला घरी आल्यावर एनर्जी ड्रिंकचा कॅन, आणि गेल्या दीड महिन्यापासून रात्री दहाला कॅफिनची २०० मिलिग्रॅमची एक गोळी. गोळ्यांचं पाकीट ती कंपासपेटीत ठेवते, घरात कुणाला माहीत नाही. दीडला आडवी होते पण झोप लवकर लागत नाही, छातीत धडधडतं, हे धडधडणं साधारण तीन महिन्यांपासूनचं. एका रविवारी तिने ठरवून सगळं बंद केलं तर दुपारपासून डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, पुस्तकातली एक ओळ डोक्यात शिरेना, शेवटी डोकेदुखीची गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात बरं वाटलं आणि रात्री परत कॉफी. मोठी बहीण म्हणते हे व्यसन आहे. ऑफिसातली मैत्रीण म्हणते मी तर रात्री कॉफी पिऊन लगेच झोपते, तुझे मनाचे खेळ आहेत. आणखी एक गोष्ट तिने पत्राच्या अगदी शेवटी, जाताजाता लिहिलीय, की पाळी अनियमित होती म्हणून चार महिन्यांपासून हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत.

तिचे प्रश्न: एक घाव दोन तुकडे करून कॉफी पूर्ण सोडू का? की साखर-दूध काहीच नाही म्हणून गोळीच जास्त ‘क्लीन’ आहे, फक्त गोळीवर येऊ? माझ्यात विलपॉवरच नाही का? आणि पेपरच्या दिवशी काय करू?

उत्तर

बाकी सगळं सावकाश बोलूच पण एक गोष्ट आधी सांगते आणि ती आज रात्रीपासूनच कर, रात्री दहाची ती गोळी बंद. अडीच महिन्यांनी नाही, पुढच्या सोमवारपासून नाही, आजच. आणि छातीतल्या धडधडीसाठी या आठवड्यात डॉक्टरांना दाखव, साधा ईसीजी काढायला फार वेळ लागत नाही. धडधडीबरोबर छातीत दुखलं, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा श्वास लागला तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नकोस, तडक हॉस्पिटल गाठ. बहुतेक वेळा कॅफिनच्या धडधडीमागे काही गंभीर निघत नाही, पण ते ठरवायचं काम तुझं नाही आणि माझंही नाही.

आता तुझ्या दिवसाचा हिशोब मांडते, कारण तू पत्रात वेळा इतक्या नीट लिहिल्यास की तो मांडता येतो. २४० मिलिलिटरच्या साध्या कॉफीच्या कपात साधारण ९५ मिलिग्रॅम कॅफिन असतं, पावडर किती आणि कशी यावर कमीजास्त होतं पण ढोबळ तेवढं धरू. तुझे तीन मग म्हणजे २८५. एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिलिटरच्या कॅनमध्ये बहुतेक वेळा ८० असतं. गोळीचे २००. एकूण झाले ५६५. अमेरिकेचं अन्न आणि औषध खातं, म्हणजे एफडीए, आणि युरोपची फूड सेफ्टी ऑथॉरिटी दोघंही निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० पर्यंत चालतं म्हणतात, आणि युरोपवाल्यांनी २०१५ मध्ये एका वेळेचीही मर्यादा सांगितली, २००. म्हणजे दिवसाची मर्यादा तू ओलांडतेसच आणि एका वेळेची मर्यादा रात्री दहाला एका घोटात गाठतेस.

पण मला यातल्या आकड्यापेक्षा वेळेची जास्त काळजी वाटते. कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायला निरोगी माणसाला सरासरी पाच तास लागतात, उरलेल्याचा अर्धा जायला अजून पाच. या हिशोबाने तू दीडला दिवा बंद करतेस तेव्हा रात्रीच्या गोळीतले १२० च्या आसपास अजून अंगात असतात, एनर्जी ड्रिंकचे तीसेक, दुपारच्या कॉफीचे वीसेक, सकाळच्या दोन मगांचं थोडंथोडं, सगळं मिळून १९५ च्या घरात. म्हणजे तू दोन मग कॉफी पिऊन झोपायला जातेस असं समज. आणि सकाळी साडेसहाला गजर वाजतो तेव्हाही त्यातलं अर्धं, एक मगभर, अंगात शिल्लक असतं, आणि तरीही तुला उठवत नाही, अंग जड वाटतं, कारण रात्रभर जी झोप झाली ती खोल झालीच नाही.

आणि हा सरासरी माणसाचा हिशोब झाला, तुझा याहून वाईट आहे. तू शेवटी जे जाताजाता लिहिलंस ना हार्मोनच्या गोळ्यांचं, पत्र वाचताना मी तिथेच थांबले. कॅफिन लिव्हरमध्ये एका एन्झाइममुळे मोडतं, त्याचं नाव सीवायपी१ए२, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या, म्हणजे गर्भनिरोधक म्हणून किंवा पाळी नियमित करायला देतात त्यातल्या बऱ्याच, या एन्झाइमचं काम मंदावतात. त्या घेणाऱ्या बायकांमध्ये कॅफिन निम्मं व्हायला साधारण दुप्पट वेळ लागतो. पाचच्या जागी दहा तास धरून तुझा तोच दिवस परत मोजला तर दीड वाजता अंगात तीनशेच्या वर निघतात, आणि आदल्या दिवसाचं उरलेलं त्यात धरलेलंही नाही. आता तारखा बघ तू स्वतःच. हार्मोनच्या गोळ्या चार महिन्यांपूर्वी सुरू झाल्या, धडधड तीन महिन्यांपूर्वी. कॉफी तितकीच होती, ती साफ करणारं शरीर मंद झालं होतं, आणि त्याच्यावर तू दीड महिन्यापूर्वी अजून दोनशेचा बोजा टाकलास. माझा अंदाज आहे हा, डॉक्टरांनी खात्री करायला हवी, म्हणून जाताना त्या गोळ्यांची स्ट्रिप बरोबर घेऊन जा आणि कॅफिनचं खरं प्रमाण सांग, कंपासपेटीतल्या पाकिटासकट. हार्मोनच्या गोळ्या मात्र हे वाचून स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, त्या कुणीतरी काही कारणाने दिल्या आहेत.

तुझ्या मैत्रिणीचं म्हणणंही इथेच येतं. ती रात्री कॉफी पिऊन झोपते हे खरं असू शकतं. हे एन्झाइम माणसामाणसात खूप वेगळं चालतं, कुणाचं कॅफिन दोन-तीन तासांत निम्मं होतं तर कुणाला आठ-नऊ तासही लागतात. सिगरेट ओढणाऱ्यांचं फार लवकर साफ होतं (म्हणून सिगरेट सोडल्यावर तेवढीच कॉफी अचानक अंगावर येते, हे अनेकांना कुणी सांगतच नाही). गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ते पंधरा तासांपर्यंत जातं. तेव्हा मनाचे खेळ वगैरे काही नाही, तिचं शरीर तिचं, तुझं तुझं. आणि झोप लागणं वेगळं, चांगली लागणं वेगळं. २०१३ च्या एका अभ्यासात लोकांना झोपायच्या वेळी, तीन तास आधी आणि सहा तास आधी असं ४०० मिलिग्रॅम कॅफिन देऊन बघितलं होतं, आणि सहा तास आधी दिलं तरी झोप एक तासाहून जास्त कमी झाली. प्रमाण मोठं होतं मान्य, पण तुझं काही फार लहान नाहीये.

आता तुझ्या मुख्य वाक्याकडे येते, ‘कॉफीशिवाय माझं डोकंच चालत नाही’. मला हे वाक्य खरं वाटत नाही, आणि का ते नीट सांगते.

आपण जागे असतो तसतसं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन चिकटलं की आपल्याला पेंग येते, सुस्ती येते, म्हणजे शरीर सांगतं आता थांब. कॅफिनची रचना अ‍ॅडेनोसिनसारखीच आहे, ते त्या खुर्च्यांवर आधी जाऊन बसतं आणि अ‍ॅडेनोसिनला बसायला जागा ठेवत नाही. बस, एवढंच करतं ते मुख्यतः. त्याने थकवा कमी होत नाही, अ‍ॅडेनोसिन बाहेर तसंच साठत राहतं, फक्त थकल्याचा निरोप पोचत नाही, आणि कॅफिन उठून गेलं की ते सगळं एकदम येऊन बसतं. दुपारी तीनला तू मान टाकतेस ती म्हणून.

रोज रोज हे झालं की मेंदू काय करतो, खुर्च्या वाढवतो. मग आधी एका कपात यायची ती तरतरी दोन कपांत यायला लागते, आणि कॅफिन नसेल त्या दिवशी त्या वाढलेल्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या सापडतात अ‍ॅडेनोसिनला. तो तुझा रविवार. कॅफिन मेंदूतल्या रक्तवाहिन्या थोड्या आवळून ठेवतं, ते गेलं की त्या सैल होतात, रक्तप्रवाह वाढतो, आणि डोकं ठणकतं. शेवटच्या डोसनंतर १२ ते २४ तासांत हा त्रास सुरू होतो, साधारण एक ते दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत राहू शकतो. आता तुझं वेळापत्रक बघ, शनिवारी रात्री दहाला गोळी, रविवारी दुपारी डोकेदुखी. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं. म्हणजे कॉफीशिवाय आपलं डोकं कसं चालतं याची परीक्षा तू नेमकी त्या दिवशी घेतलीस ज्या दिवशी ते सगळ्यात वाईट चालणार होतं, आणि त्यावरून आयुष्यभराचा निकाल लावून टाकलास. दहा दिवसांनंतरचं तुझं डोकं तू अजून बघितलेलंच नाहीस.

बरं त्या दिवशी घेतलेल्या डोकेदुखीच्या गोळीचं पाकीट उलटं करून बघ एकदा. डोकेदुखीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये वेदनाशामकाबरोबर कॅफिनही घातलेलं असतं, एका गोळीत ६५ मिलिग्रॅमच्या आसपास असू शकतं. असेल तर अर्ध्या तासात बरं का वाटलं त्याचं उत्तर तिथेच छापलेलं मिळेल, आणि तो रविवारही तसा कोरा गेलाच नव्हता.

सकाळच्या पहिल्या मगाचंही हेच. तो मग पिऊन जे ‘हां, आता मी माणसात आले’ वाटतं त्यातला बराचसा भाग रात्रभर न मिळालेलं कॅफिन परत मिळाल्याचा असतो. म्हणजे कॉफी आपल्याला वर नेते असं वाटतं पण रोज पिणाऱ्याला ती बरेचदा फक्त जिथे असायला हवं तिथे आणून सोडते. मी कॉफीच्या विरुद्ध नाही, हे मुद्दाम सांगते, कारण अशा उत्तरातून लोक लगेच तो अर्थ काढतात. मर्यादेत पिणाऱ्या निरोगी माणसाला तिने अपाय होतो असं दिसत नाही, उलट पिणाऱ्यांमध्ये टाइप २ डायबेटिस आणि पार्किन्सन्स कमी दिसतो असं मोठमोठ्या पाहण्यांमध्ये आलंय. खेळाडू कॅफिन विचारपूर्वक वापरतात, २००४ पासून ते बंदी असलेल्या द्रव्यांच्या यादीतही नाही. चांगली गोष्ट आहे ती, वेळ आणि माप सांभाळलं तर.

मग बहीण म्हणते ते व्यसन आहे का? शरीराला सवय लागलीय, हे नक्की. रोज १०० मिलिग्रॅम घेणाऱ्यालाही ते बंद केल्यावर त्रास होऊ शकतो, म्हणजे रोज एक कप पिणारी असंख्य माणसं यात आली. कॅफिन थांबवल्यावर होणारा त्रास मानसोपचारातल्या डीएसएम-५ या २०१३ च्या संदर्भग्रंथात निदान म्हणून नोंदलेला आहे. पण कॅफिनच्या व्यसनाला त्यांनी अजून पूर्ण निदानाचा दर्जा दिलेला नाही, अजून अभ्यास व्हायला हवा अशा यादीत ठेवलंय. मी तुला अ‍ॅडिक्ट म्हणणार नाही. विलपॉवर नाही असं तर अजिबात म्हणणार नाही, दिवसभर नोकरी करून रात्री पुस्तक उघडणाऱ्या मुलीला विलपॉवरचं प्रवचन कुणी देऊ नये. पण गोळ्या कंपासपेटीत लपवून ठेवाव्याशा वाटल्या, या गोष्टीकडे मी दुर्लक्षही करणार नाही. कॉफीचा मग तू सगळ्यांसमोर पितेस, गोळी लपवतेस. हे जरा प्रमाणाबाहेर चाललंय हे तुला कुणी सांगायच्या आधी तूच ओळखलं होतंस, नाहीतर लपवलीच नसतीस. बहिणीला सांगून टाक. तिचा शब्द कडक आहे पण ती तुझ्या बाजूची आहे, आणि पुढचे तीन आठवडे घरात एका माणसाला माहीत असलं की तुझी चिडचिड कुणी अंगाला लावून घेणार नाही.

गोळी ‘क्लीन’ आहे हा विचार कुठून येतो ते मला कळतं. साखर नाही, दूध नाही, माप छापलेलं. पण माप छापलेलं असण्यापलीकडे तिचा काही फायदा नाही, आणि तोटा मोठा आहे. कॉफी गरम असते, कडू असते, पोटात मावायला लागते, अर्धा मग झाला की बास वाटतं, शरीर स्वतःच ब्रेक लावतं. गोळीला हा ब्रेक नाही. आज एकीने भागलं नाही तर उद्या हात दुसरीकडे जातो, आणि झोपेने अर्धवट झालेल्या डोक्याला मगाशी घेतली होती की नाही हेही आठवत नाही. याच्यापुढची पायरी म्हणजे सुट्टी कॅफिन पावडर, तिच्या वाटेला कुणीच जाऊ नये. एका चमच्यात काही ग्रॅम मावतात आणि १० ग्रॅमच्या आसपास जीव जाऊ शकतो, त्याहून बऱ्याच कमी प्रमाणातही माणूस हॉस्पिटलात पोचतो. एफडीएने २०१८ मध्ये अशी पावडर आणि तसलं घट्ट द्रावण ग्राहकांना सुट्टं विकण्यावर कडक भूमिका घेतली ती माणसं दगावल्यावरच. तू पावडर घेत नाहीस, माहीत आहे, पण हे सदर वाचणारं अजून कुणी कॉलेजातलं पोर ती मागवायच्या विचारात असेल.

आता अभ्यासाबद्दल, कारण हे सगळं तू त्याच्यासाठीच करतेयस. कॅफिनने जाग येते, प्रतिसाद जलद होतो, कंटाळवाण्या कामात लक्ष टिकतं, हे खरंय. पण वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत, आणि बरंचसं खोल झोपेत, जी कॅफिन कुरतडतं. रात्री दहाची गोळी घेऊन तू साडेतीन तास वाचतेस आणि ते साठवायची जागाच कमी करतेस. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, वही उघड. गेल्या दोन आठवड्यांतली रात्री साडेबारानंतर लिहिलेली पानं काढ, अक्षर बघ, किती ओळी दोनदा लिहिल्यात ते बघ, सोडवलेल्या उदाहरणांत चुका किती आहेत मोज, आणि त्यातलं किती आज न बघता सांगता येतं ते तपास. मग तीच गोष्ट रविवारी सकाळी लिहिलेल्या पानांशी लावून बघ. साडेबारा ते दीडचा तास तुला खरोखर काही देत असेल तर मला नक्की कळव, पण मला वाटतं ती पानं बघून तूच तो तास सोडशील.

आणि इथे मला तुझं एक गृहीत हलवायचंय. तुझ्या पत्रात सगळ्या गोष्टींना वाव आहे, ऑफिस, अभ्यास, कॉफी, गोळी, फक्त झोप पाच तास ही दगडावरची रेघ आहे, ती का? पाच तासही नाहीच खरं तर, दीडला आडवी होऊन झोप लागायला वेळ लागतो म्हणजे चार-साडेचार. कमी झोप हा तुझा प्रॉब्लेम आणि कॅफिन हा तू त्याच्यावर केलेला उपाय, असं तू मांडलंयस. मला ते गोल फिरताना दिसतं, रात्रीचं कॅफिन झोप खातं, कमी झोप सकाळी कॅफिन मागते, आणि हे चाक कुठून तरी थांबवायचं तर ते सकाळच्या टोकाला थांबत नाही, रात्रीच्या टोकालाच थांबतं. सकाळचा मग सोडायला जाशील तर आगीतून फुफाट्यात.

म्हणून पूर्ण सोडू का याला माझं उत्तर नाही असं आहे, आत्ता तरी नाही. परीक्षेनंतर सोडावंसं वाटलं तर जरूर सोड. पण आत्ता एक घाव दोन तुकडे केलेस तर आठवडाभर डोकं धरून बसशील आणि परत तिथेच येशील. चालू ठेवणं तर धडधडीमुळे शक्यच नाही. उरतं कमी करणं आणि दिवसात अलीकडे ओढणं, आणि अडीच महिने हातात आहेत म्हणजे घाई नाही.

गोळी आज बंद म्हटलं, ती एकदम दोनशेने कमी होणार म्हणून दोन-तीन दिवस डोकं जड राहील, राहू दे, बाकीचं काही हलवू नकोस त्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात सातचा कॅन. तिथे खरी अडचण येईल कारण ऑफिसातून आल्यावर तू खरंच दमलेली असतेस. त्या वेळी वीस मिनिटं झोप, गजर लावून, आणि मग तोंड धुऊन थोडं चालून ये. वीसच, तासभर झोपलीस तर उठल्यावर गुंगी राहते आणि रात्रीची झोपही जाते. तिसऱ्या आठवड्यात दुपारचा तीनचा मग एक वाजता ओढ आणि अर्धा कर, नाहीतर डिकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेली कॉफी, मिसळ (डिकॅफमध्ये अगदीच शून्य नसतं, पण कपाला १५ च्या आतबाहेर, ते चालेल). तुझं शरीर सध्या हळू साफ करतंय म्हणून दुपारी एकनंतर काही नको, ही तुझी रेघ ठेव, दुसऱ्या कुणाची चार असेल. शेवटी राहतील सकाळचे दोन मग आणि दुपारचा हा अर्धा, सव्वादोनशे ते अडीचशे. हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत तोवर तुला तेवढंही जास्त वाटू शकतं, धडधड राहिली तर साडेदहाचाही अर्धा कर. मध्ये एखाद्या दिवशी डोकं असह्य दुखलं तर सकाळी अर्धा कप जास्त घेऊन टाक, त्याने सगळं वाया जात नाही, फक्त संध्याकाळी घेऊ नकोस.

कॉफी आणि डुलकी एकत्र वापरायची एक युक्ती आहे, ती शनिवारी-रविवारी दुपारी कामी येईल. कॉफी लवकर पिऊन टाकायची आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं पडायचं. कॅफिन चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, तोवर डुलकीने अ‍ॅडेनोसिन थोडं कमी झालेलं असतं, उठतेस तेव्हा दोन्हींचा फायदा मिळतो. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये पेंगुळलेल्या ड्रायव्हर्सना सिम्युलेटरवर बसवून हे तपासलं होतं, नुसत्या कॉफीपेक्षा हे जास्त चाललं. झोप लागलीच पाहिजे असंही नाही, डोळे मिटून पडलं तरी चालतं.

रात्री अकरा-साडेअकराला पडायचं ठरव आणि तेवढाच अभ्यास पहाटे ने किंवा कमी कर. सुरुवातीला आठवडाभर लवकर पडूनही झोप येणार नाही आणि तू म्हणशील बघा ताई, सांगितलं होतं. थांब जरा. अंगातलं ओसरायला आणि शरीराचं घड्याळ मागे यायला वेळ लागतो. झोपायच्या तीन तास आधी दोन एस्प्रेसोएवढं कॅफिन घेतलं तर ते घड्याळ चाळीसेक मिनिटांनी पुढे ढकललं जातं असं २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं होतं, आणि तू तर दीड महिना रोज ढकलतेयस.

डॉक्टरांकडे जाशीलच तेव्हा हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घे. पाळी अनियमित आणि सतत थकवा म्हटल्यावर ते बघायला हवंच. आयर्न कमी निघालं तर जेवणाबरोबर चहा-कॉफी नको, तासाभराचं अंतर ठेव, त्यातली काही द्रव्यं अन्नातलं आयर्न अंगी लागू देत नाहीत. कितीतरी बायका वर्षानुवर्षं अ‍ॅनिमियाच्या थकव्यावर कॉफी ओतत राहतात आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण एका साध्या रक्ततपासणीने ते कळलं असतं.

तुझ्यासारखंच पत्र मनात लिहून ठेवलेल्या बाकीच्यांसाठी थोडं. गरोदर असाल तर दिवसाला २०० च्या वर नको, आणि त्यात चहा, कोला, चॉकलेट सगळं धरायचं. पॅनिक अटॅक येत असतील, खूप अँग्झायटी असेल तर आधी कॅफिन दोन-तीन आठवड्यांत कमी करून बघा, बरेचदा धडधड, हात थरथरणं, घाम यातलं नेमकं कशाचं किती हेच कळेनासं झालेलं असतं. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक किंवा फ्लुवॉक्सामिन हे मानसोपचारातलं औषध चालू असेल तर नेहमीची कॉफीही जास्त चढते, डॉक्टरांना विचारा. नाइट शिफ्टवाल्यांनी शिफ्टच्या सुरुवातीला घ्यावं, शेवटच्या पाच-सहा तासांत टाळावं, नाहीतर घरी जाऊन छताकडे बघत पडायची वेळ येते. लहान मुलांना एनर्जी ड्रिंक देऊच नये.

राहिला पेपरचा दिवस. त्या दिवशी नवीन काहीही करायचं नाही. तोवर सवयीचा झालेला सकाळचा मग, त्याच वेळेला, तेवढाच, आणि पोटात काहीतरी खाऊन. कॅफिन पूर्ण चढायला अर्धा ते एक तास लागतो तेव्हा हॉलमध्ये शिरायच्या पाऊण तास आधी तो संपलेला असू दे, लघवीला जाऊन ये, आणि बरोबर फक्त पाणी ने. आदल्या रात्री कितीही वाटलं तरी काही घेऊ नकोस, आणि झोप कमी झाली तर घाबरू नकोस, एका रात्रीच्या कमी झोपेने दोन महिन्यांचा अभ्यास पुसला जात नाही. पेपर दुपारचा असेल तर मगाच्या वेळेची तालीम आधीच्या दोन रविवारी त्याच तासाला सराव पेपर सोडवून घे, म्हणजे त्या दिवशी शरीराला ती वेळ ओळखीची असेल. कंपासपेटीत त्या दिवशी पेन, पेन्सिल, खोडरबर एवढंच ठेव.